किटलीतून ओतलेलं घर

मोकळा प्लॉट दिसला की माझा पाय अडखळतो. तिथं गवत असतं, कुणीतरी टाकलेले विटांचे तुकडे असतात, एखादी म्हैस रवंथ करत बसलेली असते. पण मी प्लॉट सरळ ओलांडून जात नाही. आधी दार कुठं असेल याचा अंदाज घेतो. माझी बायको सुनंदा म्हणते, "हे काय करून राहिलात? लोक बघून राहिलेत." मग मी वरमतो. तसा मी लवकर वरमणाराच माणूस आहे. माझं हिंगोलीच्या बाजारात साड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं साडी नापसंत केली की मला गिऱ्हाइकाचं वाईट वाटतं आणि साडीचंही, आणि घडी घालताना मी मनातल्या मनात दोघांची माफी मागतो. पण प्लॉटच्या बाबतीतला दोष माझा एकट्याचा नाही. तो धनाभाऊंचाही आहे.

धनसिंग राठोड. कळमनुरीकडच्या एका तांड्यावरचा माणूस. हिंगोलीतली कितीतरी नवी घरं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. त्यांच्या पाटीवर 'इंटिरियर डिझायनर' असं लिहिलेलं होतं, तरी गाव त्यांना किटलीवाले म्हणायचं. मोटारसायकलच्या हँडलला कायम एक चहाची किटली लटकलेली असायची आणि तिच्यात चहा नसायचा. फक्की असायची, शाळेच्या मैदानावर खो-खोच्या रेघा मारतात ती पांढरी भुकटी. फक्की नीट पडावी म्हणून त्यांनी किटलीची तोटी कापून रुंद केली होती. बसस्टँडसमोर थांबले की एखादा तरी म्हणायचाच, "मामा, एक कटिंग द्या." धनाभाऊ चिडायचे नाहीत. झाकण उघडून दाखवायचे.

"ह्यात घर हाय. कटिंग न्हाई भेटत. अख्खं घ्यावं लागतं."

अंगात आकाशी सफारी, आणि पँटच्या मागच्या बाजूला दोन पांढरे पंजे, कारण हात पुसायची जागा तीच. गर्दीतही ते पाठीमागून ओळखू यायचे. स्वतःविषयी त्यांचं मत चांगलं होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे. म्हणायचे, "आमच्या पणज्याला भिंत म्हाईत नव्हती. बैलावर मीठ लादून चालायचा. सांज झाली की गोण्या रचायच्या, मधी निजायचं. सकाळी घर उचलून पुढं. म्हणून मला भिंतीचा धाक न्हाई, शेठ. भिंत म्हंजे काय, उभी केलेली गोणी."

आम्ही गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर बांधायचं ठरवलं तेव्हा मी त्यांच्याकडे मोबाईलमधली चित्रं घेऊन गेलो. मधोमध काळ्या दगडाचा ओटा, चारी बाजूंनी फिरायला जागा, वर लोंबणारे दिवे. धनाभाऊंनी चष्मा चढवून चित्र बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं.

"ह्या सैपाकघरात बाई कुठं हाय?"

"चित्र आहे ते, भाऊ."

"तेच म्हणून राहिलो. भांडायला कुणी न्हाई, म्हणून चांगलं दिसून राहिलं. तुमी रविवारी सगळे प्लॉटवर या. गॅस आणा, सतरंजी आणा, भांडण आणा."

"भांडण?"

"सामान कुठंबी बसतं, शेठ. भांडण बसतं का ते बघावं लागतं."

ही त्यांची पद्धत होती. घर बांधण्याआधी ते प्लॉटवर किटलीतून अख्खं घर ओतायचे, खऱ्या मापाचं, आणि घरच्यांना त्यात एक दिवस राहायला लावायचे. नियम कडक होते. रेघ म्हणजे भिंत. जायचं ते दारातूनच. उंबऱ्यावर चपला काढायच्या.

त्या रविवारी मी, सुनंदा आणि माझी आई असे तिघं सकाळीच त्या पांढऱ्या घरात राहायला गेलो. आई आधीपासूनच नाराज होती. "लहानपणी भातुकली खेळायला भेटली न्हाई, म्हणून आता खेळून घ्या," एवढंच म्हणाली आणि देवघरात जाऊन बसली. सुनंदानं स्वयंपाकघरात शेगडी पेटवली. मी हॉलमध्ये सतरंजीवर बसलो आणि चारी बाजूंनी उघड्या जगात घरात असल्यासारखा चेहरा करायचा प्रयत्न करू लागलो.

पहिले पाहुणे आले ते पवार सर. शेजारच्या प्लॉटचे मालक, निवृत्त मुख्याध्यापक. ते तडक भिंतीतून आत आले आणि म्हणाले, "काय चाललंय?"

"सर, भिंतीत उभे आहात तुमी," धनाभाऊ शांतपणे म्हणाले. "बाहेर जा. बेल वाजवा."

आयुष्यभर मुलांना वर्गाबाहेर काढलेला तो माणूस खाली मान घालून बाहेर गेला, दारासमोर उभा राहिला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "टिंग टाँग." मी उठून दार उघडलं. त्यांना ताटकळत ठेवल्याबद्दल माफीही मागितली.

ते हॉलमध्ये बसतायत तोवर आई प्लास्टिकचं स्टूल घेऊन संडासात गेली. प्रत्येक खोलीत प्रत्येकानं बसून बघायचं, असा धनाभाऊंचा आग्रह होता. संडासाचं दार मी मोठ्या हौसेनं हॉलसमोर ठेवायला सांगितलं होतं. पाहुण्यांची सोय. आता आई स्टुलावर आणि पवार सर सतरंजीवर, अगदी समोरासमोर. नजर वळवायला जागा नव्हती. सरांना काहीतरी बोलणं भाग वाटलं असावं.

"काय वैनी," ते म्हणाले, "तब्येत बरी हाय का?"

आई उठली. "आरं धना, हे काय बांधून राहिला? संडास हाय का स्टेज?"

धनाभाऊंनी पायानं ती रेघ पुसली आणि संडास मागं नेला. "भिंत पायानं पुसता येती तवर पुसून घ्या, माय. मागून जेसीबी लागतो."

दुपारी भांडण आलं. पाण्याचा माठ कुठं ठेवायचा यावरून. आईला तो ओट्याच्या डाव्या हाताला हवा होता आणि सुनंदाला तिथं मिक्सर. दोघी खऱ्याखुऱ्या तापल्या. सुनंदा पदर खोचून निघाली, पण नियम होता, म्हणून स्वयंपाकघराच्या दारातून, मग बोळातून, मग हॉलला वळसा घालून मोठ्या दारापर्यंत गेली, तिथं चपला घातल्या, आणि बाहेर येऊन उभी राहिली. तोवर तिला आपण कशासाठी निघालो होतो ते आठवेना. धनाभाऊ खूश झाले. "बोळ इतकाच लांब ठेवू. चिडून निघालेल्या माणसाला दार जरा लांब पायजे."

संध्याकाळी सामान आवरून आम्ही निघालो तेव्हा धनाभाऊ एकटेच उकिडवे बसून भिंती बघत होते. मला वाटलं मापं घेतायत. त्यांनी मला हाक मारली. स्वयंपाकघर आणि आईची खोली यांच्यामधल्या रेघेवर लहान लहान पावलं उमटली होती, जातानाची आणि येतानाची. आईच्या खोलीला लागून स्वयंपाकघराचा कोपरा होता, त्या कोपऱ्यात लाडवांचा डबा होता, आणि आईला साखरेचा आजार होता.

"दिवसभर कसं राहता ते मी बघत न्हाई," धनाभाऊ म्हणाले. "ते सगळं नाटक. मी भिंत कुठं तुटली ते बघतो. माणूस जिथून चोरून जातं, तिथंच दार पायजे."

तिथं दार निघालं. आईनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. म्हणायची, "दुपारी शेळी शिरली होती, तिचे पाय असतील."

"व्हय माय," धनाभाऊ म्हणायचे. "पाच बोटांची शेळी होती."

आमच्या घरात त्याला अजून शेळीचं दार म्हणतात.

ही पद्धत जिल्हाभर चालायची. जवळा बाजारला सोयाबीनची आडत करणारे दोन भाऊ एका प्लॉटवर जोडघर बांधत होते. मधली भिंत ओतून धनाभाऊ जेवायला गेले. परत आले तर मोठ्या भावानं ती झाडूनं हातभर पलीकडं सरकवली होती. धाकट्यानं ती पुन्हा झाडूनं अलीकडं आणली. दुपारपर्यंत भिंत इतक्या वेळा इकडची तिकडं झाली की मधला सगळा पट्टाच पांढरा झाला. धनाभाऊंनी दोघांना बोलावलं. "ही भिंत तर खोलीएवढी जाड झाली. आता हिला भिंत काहून म्हणायचं? व्हरांडा म्हणू." तसा व्हरांडा झाला. दोघांची पोरं आता तिथं क्रिकेट खेळतात आणि दोघे भाऊ दोन टोकांना खुर्च्या टाकून अंपायरला शिव्या देतात.

असा माणूस. आणि तरी माझ्या दुकानाच्या वेळी तो चुकला. त्याचं कारण काच.

माझं जुनं दुकान बापाच्या वेळचं. रस्त्यालगत ओटा, ओट्यावर पांढरी गादी, गादीवर गिऱ्हाईक. डोंगरकड्याची, सिद्धेश्वरकडची माणसं बस्ता बांधायला यायची. बस्ता म्हणजे लग्नाच्या कपड्यांची सगळी खरेदी एकाच बैठकीत. नवरीकडची, नवऱ्याकडची, आत्या, मावशा, तान्ही लेकरं, सगळी गादीवर मांडी घालून सकाळपासून दुपारपर्यंत. साड्यांचा ढीग, चहाच्या फेऱ्या, रुसवे. साडीचं दुकान बस्त्यावरच चालतं. एकेकटी साडी न्यायला येणाऱ्यांनी दिवे-पंख्याचं भागतं. पण मी नांदेडला शोरूम पाहिल्या आणि मला आमच्या गादीची लाज वाटायला लागली. आता त्या लाजेचीही लाज वाटते.

"काच लावायची?" मी विचारलं तेव्हा धनाभाऊंचे डोळे चमकले. इतकी वर्षं त्यांनी विटा आणि प्लाय यांत काढली होती. पूर्ण काचेचं तोंड असलेलं दुकान करायची त्यांची जन्माची हौस होती.

"फक्कीत ओतून बघायचं का आधी?"

"काच फक्कीत दाखवता येत न्हाई, शेठ," ते घाईघाईनं म्हणाले. "दिसली तर काच काहून म्हणायची?"

काचवाले सलीमभाई आले. त्यांनी अख्खं तोंड बसवलं. गादी गुंडाळून मागच्या कोपऱ्यात गेली, पुढं टाइल आल्या, काऊंटर आले, उंच स्टुलं आली, एसी आला, आणि काचेमागं चार प्लास्टिकच्या बायका आल्या. त्यांपैकी एकीला हात नव्हते. पुरवठादार म्हणाला, फॅशन आहे. सलीमभाई रस्त्यापलीकडं जाऊन कौतुकानं बघत राहिले. "सेठ, काच है के नहीं, पताच नहीं चलता."

खरंच पत्ता लागत नव्हता. पहिल्याच आठवड्यात औंढ्याचे एक काका कपाळानं काचेला भेटले. मी त्यांना बर्फ दिला, टॉवेल दिला आणि काचेच्या वतीनं माफी मागितली. पण खरी पंचाईत ती नव्हती. लग्नसराई सुरू झाली आणि एकही बस्ता आत येईना. माणसं यायची, काचेबाहेर थांबायची, चपला काढायची, आत बघायची, काचेत बघून केस नीट करायची, चपला घालायची आणि पुढं जायची. एका म्हातारीला मी बाहेर जाऊन आत बोलावलं तर म्हणाली, "नगं बाबा, माझं खातं दुसऱ्या बँकेत हाय."

डोंगरकड्याच्या कौसामावशी म्हणजे आमचं तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. त्यांच्या नातीचं लग्न ठरलं होतं. त्या गाडीभर माणसं घेऊन आल्या, काचेसमोर उभ्या राहिल्या, आणि समोरच्या लाइनीतल्या दुसऱ्याच्या दुकानात शिरल्या. तिथं गादी होती. त्या दिवशी दुकानातल्या दोघी विक्रेत्या स्टुलांवर बसून एकमेकींना साड्या दाखवत होत्या. ही सराई अशीच गेली तर दुकान पुढच्या सराईपर्यंत टिकणार नाही, हे मला दिसत होतं. धनाभाऊंनाही दिसत होतं. त्यांनी हातातली कामं थांबवली आणि दुकानासमोरच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. गाव आता त्यांना काचवाले म्हणू लागलं होतं, आणि ते त्यांना किटलीवालेपेक्षा जास्त लागत होतं.

पहिला उपाय त्यांनी स्वतःच्या सवयीप्रमाणं केला. एका सकाळी माझ्या आधी येऊन दुकानासमोर रस्त्यापासून दारापर्यंत फक्कीची वाट ओतली, आणि माणसं थांबत थांबत आत यावीत म्हणून वाटेवर गोल काढले. सुंदर गोल, अंतरा-अंतरावर.

आता, साथीच्या दिवसांत साऱ्या बाजारात दुकानांसमोर असे गोल काढायला नगरपालिकेनं ह्याच धनाभाऊंना नेमलं होतं. मला ते आठवलं नाही आणि त्यांनाही नाही. पण बाजाराला आठवलं. पहिल्या बाईनं गोल बघितले आणि पदर नाकावर घेतला. दुसरी तिच्यापासून सहा फूट लांब उभी राहिली. शेजारच्या मेडिकलवाल्यानं मास्कचा गठ्ठा पुढं मांडला. दुपारी जवळा बाजारहून फोन आला, "हिंगोलीत परत सुरू झालं म्हणतेत, खरं का?" पवार सर लसीचं सर्टिफिकेट घेऊन दारात आले. मी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की कुणीही आजारी नाही, आणि सांगताना मला खोकला येत होता.

धनाभाऊंनी झाडूनं गोल पुसले. मग खुर्ची काचेकडं वळवून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एक विक्रेती काच पुसायला बादली घेऊन निघाली तर ते एकदम खुर्चीतून उठले. "थांब, पोरी. पुसू नको."

ते काचेजवळ आले, उकिडवे बसले, मग उभे राहिले, मग तिरपे होऊन उन्हात बघू लागले. मी जवळ गेलो. काचेवर नाकांचे ठसे होते. कपाळांचे, तळहातांचे, डोळ्यांभोवती ओंजळ धरून आत बघितल्याचे. प्लास्टिकच्या बायकांसमोर काच कोरी होती. काऊंटरसमोर कोरी. सगळे ठसे डाव्या कोपऱ्यात, एकावर एक.

"त्या कोपऱ्यात आत काय हाय?"

"काही नाही. जुनी गादी. आई टाकू देईना म्हणून तिथं सारली आहे. पोरी त्यावर बसून डबा खातात, चहा पितात."

धनाभाऊंनी माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा गर्व आला होता. "शेठ, भिंत तुटली की. सगळ्यांनी एकाच जागी तोडली. लोक तुमच्या बाहुल्या बघून राहिले न्हाईत. चहा बघून राहिलेत."

त्यांनी दुपारपर्यंत चारही बाहुल्या उचलल्या आणि काचेमागं, अगदी रस्त्यावरून दिसेल अशी, गादी पसरली. वर पांढरीशुभ्र चादर. मग मोटारसायकल काढून थेट डोंगरकड्याला गेले. तिथं ते कौसामावशींना काय म्हणाले ते मावशींनीच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "मावशी, समोरच्या दुकानात बस्ता बांधला, बरं केलं. पर मानपानाच्या साड्या राहिल्यात ना? तुमच्या व्याह्यांशी भांडण झालंय म्हणतेत. ते भांडण आमच्याकडं करा. जागा चांगली केलीय."

त्या आल्या. दोन्हीकडच्या मिळून सतरा-अठरा जणी काचेमागच्या गादीवर बसल्या. विहीणबाईंना मोरपंखी साडी हवी होती; मावशी म्हणाल्या, "मोरपंखी तुमच्या रंगाला बसत न्हाई, विहीणबाई," आणि सुरू झालं. साड्या उडायला लागल्या. एक लेकरू नऊवारीत गुंडाळून झोपलं. चहा दोनदा झाला. बाहेर रस्त्यावर हातवारे दिसत होते आणि आवाज येत नव्हता, त्यामुळं माणसं थांबली. आणखी थांबली. मग आवाज ऐकायला आत आली. चपला काढून, सवयीनं, गादीच्या कडेला टेकली. टेकलेल्यातल्या एका बाईनं विहीणबाईंची बाजू घेतली, आणि बाजू घेतली म्हणून स्वतःसाठीही एक मोरपंखी काढायला लावली.

धनाभाऊ झाडाखालून हे सगळं बघत होते. मी त्यांना चहा नेऊन दिला. "भांडण बसलं," ते म्हणाले आणि बशीत ओतून प्यायले.

त्या सराईत आमची काच कधी कोरी राहिली नाही. काचेमागं बसायला मिळावं म्हणून बस्तेवाले आदल्या दिवशी फोन करू लागले. कौसामावशी अजून सांगतात की त्यांच्या भांडणानं दुकान वाचवलं, आणि दर वर्षी त्या एखादं नवं भांडण घेऊन येतात.

बाहुल्यांचं काय करायचं, असा प्रश्न होता. तिघी परत गेल्या. बिनहाताची कुणी घेईना. धनाभाऊ म्हणाले, "मी नेतो," आणि तिला मोटारसायकलवर मागं बसवून, ओढणीनं पोटाशी बांधून तांड्याकडं निघाले. साऱ्या बाजारानं त्यांना जाताना पाहिलं. मी तिला उघडी कशी पाठवू म्हणून एक सुती साडी नेसवली होती. काढून टाकल्याबद्दल मनातून माफीही मागितली होती.

गेल्या वर्षी कळलं की ते आणि त्यांची बायको सोनीबाई पुण्याला लेकीकडं कायमचं राहायला चाललेत. निरोप घ्यायला मी तांड्यावर गेलो. जिल्हाभर घरं ओतणाऱ्या ह्या माणसाचं स्वतःचं घर पत्र्याच्या दोन खोल्यांचं होतं; शेजारी प्लॉट मोकळाच. त्या प्लॉटवर ते दर दिवाळीला नवं घर ओतायचे, एक दिवस राहायचे, आणि काहीतरी पटायचं नाही. सोनीबाई म्हणायच्या, "माझी सगळी घरं वारा घेऊन गेला."

मी पोचलो तेव्हा प्लॉटवर ताजी फक्की होती. ते दोघं आत राहत होते. हॉलमध्ये प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीशेजारी माझ्या सुती साडीतली ती बिनहाताची पाहुणी. मी घाईत पुढं झालो.

"शेठ," धनाभाऊ आतून म्हणाले, "दारातून."

मी मागं गेलो, दार शोधलं, चपला काढल्या, टिंग टाँग म्हणालो. त्यांनी उठून दार उघडलं. आम्ही बसलो. सोनीबाई स्वयंपाकघरात चुलीवर चहा करत होत्या.

"उद्या जायचं, आणि आज घर कशाला?" मी विचारलं.

"उद्या जायचं म्हणून आजच. पोरगी म्हणती, फ्लॅटच्या भिंतीला खिळा ठोकायचा तरी सोसायटीला विचारावं लागतं." ते थोडा वेळ पायाचा अंगठा रेघेपाशी फिरवत राहिले. "ह्या खेपेला बराबर जमलं. बघा ना, कुठंच काही पुसायला न्हाई."

चहा झाल्यावर मी निघालो. दारातून बाहेर आलो, चपला घातल्या, रस्त्याला लागलो. वळणावर मागं बघितलं. धनाभाऊंनी दार लावलं, कडी घातली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सोनीबाईंनी काहीतरी म्हटलं असावं. त्यांनी पाहुणीकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, मी झाडाआड होतो, आणि दोन्ही रिकामे कप घेऊन ते सरळ भिंतीतून स्वयंपाकघरात गेले.

मग थबकले. मागं वळून खाली बघितलं. कप सोनीबाईंच्या हातात दिले, परत आले, आणि पावलाएवढी, फक्त तेवढीच रेघ पायानं पुसली.